चुलीपाशी वचन : रोजच्या ओढाताणीत शास्त्र हाताशी कसं ठेवायचं

चर्चच्या गुरुवारच्या महिला सभेत पाळकीणबाई विचारतात, "आठवडाभर कोणाकोणाचं वाचन झालं?" मग निम्म्या बायका पदर सारखा करतात आणि उरलेल्या पोराबाळांकडे बघतात. मीही त्यांच्यातलीच. लग्नानंतरची कितीतरी वर्षं माझं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कपाटात साड्यांखाली असायचं आणि रविवारी तेवढं बाहेर निघायचं. सल्ले मात्र भरपूर मिळायचे. पहाटे चारला उठून तासभर एकांतात बसा, असं एक जण सांगायचं. एकांत? दोन खोल्यांत सात माणसं. दुसरं म्हणायचं, सगळं प्रभूवर सोपवा. सोपवते, पण सोपवून झाल्यावर हातांनी काय करायचं हे कुणी सांगत नव्हतं.

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी इकडच्या माझ्यासारख्या बायांसाठी हे लिहिते आहे. कुणी विड्या वळते, कुणी मागावर बसते, कुणी रोप लावणीला जाते, कुणी शाळेत शिकवून घरी येऊन पुन्हा चुलीला लागते. शास्त्र वाचता वाचता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. त्यातल्या बायका रडतात आणि त्याच दिवशी काहीतरी करतातही. पुढचं सगळं तेवढ्याच धाग्यावर ओवलेलं आहे.

ओझं आधी खाली ठेवा, मग मोजा

"अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." मत्तय ११:२८. 'भाराक्रांत' हा शब्द पुस्तकी आहे, पण 'विसावा' आपल्या पायाखालचा आहे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर जळणाचा भारा, आणि वाटेत दगडी कट्टा किंवा झाडाचा बुंधा बघून भारा उतरवायचा. तिथे क्षणभर टेकायचं, मान मोकळी करायची, घोटभर पाणी प्यायचं, की पुन्हा चालायला लागायचं. प्रभू हाच शब्द वापरतो. पुढच्या दोन वचनांत तो जुवाबद्दल बोलतो आणि "माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे" असं म्हणतो. जू हे दोघांच्या मानेवर असतं, हे शेतकऱ्याच्या लेकीला वेगळं सांगायला नको. काम संपत नाही, पण ओढायला दुसरा खांदा मिळतो.

पहिलं काम असं करा. साधी वही घ्या. दहा मिनिटं मनात येईल ते लिहा. मात्र मोघम लिहू नका. 'सासरचा त्रास' लिहिलंत तर प्रार्थनाही मोघमच होणार. 'मंगळवारी जावेनं पाहुण्यांसमोर माझ्या माहेरावरून टोमणा मारला आणि हे गप्प बसले' असं लिहा. घरात वही वाचली जाण्याची भीती असेल तर नावाच्या जागी नुसतं अक्षर घाला. आमच्या सभेतल्या एका काकींना लिहिता येत नाही. त्या चिंतेगणिक एक खडा डब्यात टाकतात आणि टाकताना ती चिंता मोठ्यानं बोलून दाखवतात. डब्याचा खडखडाट ऐकून नातू विचारतो, "आज्जी, आज किती?"

देवाकडे तक्रार केली तर पाप लागेल असं वाटणाऱ्यांनी स्तोत्र १३ उघडावं. सुरुवातच 'कोठवर?' अशी आहे आणि तोच सवाल पुन्हा पुन्हा येतो. रूथच्या पुस्तकातली विधवा नामी तर गावात परतल्यावर सरळ सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. हे तिचं बोलणं कुणी खोडून काढलं नाही. शास्त्रात ते जसंच्या तसं राहिलं.

लिहून झालं की प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा. या आठवड्यात माझ्या हातून काही होण्यासारखं आहे तिथे फुली, आणि जिथे नुसतं मागायचंच आहे तिथे गोल. फुल्या बहुधा वाटल्या होत्या त्यापेक्षा जास्तच निघतात.

वाचायला वेळ शोधू नका, काम शोधा

वेळ सापडत नाही, हे मी शोधून शोधून शिकले. कामं मात्र ठरलेली असतात. म्हणून वचन एखाद्या कामाला बांधून टाकायचं. भाकरी थापणं, नळाला पाणी येईपर्यंत घागरींपाशी थांबणं, शेताकडची वाट, बसचा प्रवास, यातलं एक निवडा. चिठ्ठीवर वचन लिहून पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. झाकण उघडलं की वाचायचं. भाकरी तव्यावर फुगेपर्यंत ते मनात घोळवायचं.

एका आठवड्याला एकच उतारा घ्या. वर्षभरात अख्खं शास्त्र संपवायच्या तक्त्यांच्या मी विरोधात नाही, पण ते तक्ते बाळंतिणीनं बनवलेले दिसत नाहीत. पहिल्या आठवड्याला स्तोत्र १२१ घ्या. आठच वचनं आहेत. "मी आपली दृष्टी डोंगराकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?" खानापूर, जांबोटीकडच्या बायांना हे स्तोत्र लगेच आपलं वाटतं, कारण दार उघडलं की समोर डोंगरच. पण नीट वाचा. साहाय्य डोंगराकडून येतं असं स्तोत्रकर्ता म्हणत नाही, डोंगर घडवणाऱ्याकडून येतं म्हणतो. रोज एक वचन म्हणायचं आणि आठव्या दिवशी सगळं पाठ म्हणून बघायचं. अडखळलात तर तोच उतारा आणखी एक आठवडा चालवा, घाई कुणाला आहे?

अक्षरओळख कमी असेल किंवा चष्म्याचा नंबर वाढला असेल तर मोबाइलवर मराठी शास्त्राचं वाचन फुकट ऐकायला मिळतं. मुलांना सांगून एकदा लावून घ्या. लावणीच्या दिवसांत फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचायचा.

जुन्या भाषांतराची भाषा जड जाते, ही तक्रार खरी आहे आणि जुनीही आहे. पंडिता रमाबाईंनी ती कामाला लावली. त्यांचा जन्म १८५८ चा, आपल्याच कर्नाटकात, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच नवरा गेला. साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत शास्त्राचं भाषांतर करायला बसल्या. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा वारली. तरी काम पुरं करूनच ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. आज सोप्या भाषेतल्या आवृत्त्याही मिळतात, त्या खुशाल वापरा. सभेत कुणी नाक मुरडलं तर हे सांगा.

कानडी घरात मराठी प्रार्थना

सीमाभागातली ही अडचण बाहेरच्यांना कळत नाही. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याहून मुलगी लग्न होऊन इकडे कर्नाटकात येते. इथे दवाखान्यातला कागद कानडीत, पोराच्या शाळेतली नोटीस कानडीत आणि कधी कधी उपासनासुद्धा कानडीत. चर्चमध्ये गीत सुरू झालं की ती नुसते ओठ हलवत उभी राहते.

तिनं रूथचं पुस्तक उघडावं. चारच अध्याय आहेत. रूथ मवाबातली, बेथलेहेम तिच्यासाठी परमुलूख. 'तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव' हे तिचे शब्द लग्नपत्रिकांवर छापतात, पण ती ते नवऱ्याला म्हणालेली नाही. विधवा सून विधवा सासूला, नामीला, भर रस्त्यात, ते म्हणते आहे. आणि पोचल्यावर ती काय करते? सासूला सांगून दुसऱ्याच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला जाते. ओळख नंतर होते, काम आधी सुरू होतं.

करायचं ते असं. एक स्तोत्र दोन्ही भाषांत पाठ करा. आपल्याकडे "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", तर कानडीत "येहोवनु ननगे कुरुबनु". कुरुब म्हणजे धनगर! सुगीनंतर रानात मेंढरं बसवायला येतात तेच. रात्रभर घोंगडं पांघरून, कुत्री सोबतीला घेऊन, दुसऱ्याच्या शेतात कळपापाशी जागा राहणारा तो माणूस. कानडीतून वाचल्यापासून हे स्तोत्र मला चित्रातल्या हिरव्या कुरणावर दिसत नाही, भात कापलेल्या शिवारात दिसतं. शेजारची कानडी बाई मदत करेल, तिला मराठी ओळ शिकवा. दवाखान्यात किंवा तालुका कचेरीत जाताना तिलाच सोबत न्या. न कळलेल्या कागदावर अंगठा किंवा सही नको. शक्ती योजनेनं जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसला भाडं नाही, तेव्हा भाड्याचं कारण संपलं. (माहेरी चंदगडला जाताना मात्र हद्द ओलांडली की तिकीट पडतंच. प्रभूचं राज्य सीमा मानत नाही, कंडक्टर मानतो.)

हप्त्याचा सोमवार

सभेतल्या प्रार्थनेच्या विनंत्यांमध्ये आजार पहिला आणि कर्ज दुसरं. फक्त आजार मोठ्यानं सांगतात आणि कर्ज कानात.

२ राजे, अध्याय ४, पहिली सात वचनं वाचा. संदेष्ट्यांच्या मंडळीतल्या एकाची विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येऊन ओरडते : नवरा देवभिरू होता, तुम्हाला माहीत आहे, आणि आता सावकार माझी दोन पोरं गुलाम करायला आलाय. देवभिरू माणसाच्या घरातही कर्ज असतं, हे शास्त्र लपवत नाही. तेव्हा 'तुमचा विश्वास कमी पडला' असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अलीशा विचारतो, घरात तुझ्याजवळ काय आहे? ती म्हणते काहीच नाही, एवढंसं तेल आहे. तो तिला शेजारणींकडून भांडी आणायला सांगतो, थोडी नकोत, पुष्कळ. मग दार लावून ओतायला सांगतो. शेवटी सांगतो : तेल विक, कर्ज फेड, उरलेल्यात तू आणि मुलं जगा.

हीच गोष्ट पायरी पायरीनं घरात उतरवायची.

आधी सगळी कर्जं एका पानावर मांडा. कोणाकडून, किती, हप्ता किती, कोणत्या वारी, किती हप्ते उरले. नवऱ्यापासून लपवलेलंही लिहा. आमच्याकडच्या एका बाईनं हे पहिल्यांदा केलं तेव्हा कर्जाचे पाच गट निघाले. तिला स्वतःला तीनच आठवत होते.

मग 'घरात काय आहे' हे लिहा. शिवणयंत्र, दोन शेळ्या, परसातली रताळी, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार, हातातली कला, आणि कमावता झालेला पण घरात काही न देणारा मुलगा. हो, त्यालाही त्या पानावर घ्या.

एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून उचलणं थांबवा. हे सगळ्यात अवघड आहे, आणि इथेच खरी प्रार्थना लागते. मोडायला निघालेलं मंगळसूत्र विकण्याआधी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा, आणि तोंडी नको, लेखी मागा.

नियमही माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारं छोटं कर्ज तारणाशिवाय असतं आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, नातेवाइकांना त्रास नाही. आधी ठरलेल्या जागीच वसुली व्हायची, आणि तिथे लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा आला नाहीत तरच माणूस घरी येऊ शकतो. नोंदणी न केलेले सावकार आणि फायनान्सवाले धमकावून वसुली करतात, त्यांच्यासाठी कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला आणि पुढे कायदा केला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. नोंदणीकृत कंपनीचं कर्ज त्यानं माफ होत नाही, हेही स्पष्ट असू द्या. देणं द्यायचंच आहे. पण दारात उभं राहून कुणी अब्रू काढावी, हे त्या देण्यात बसत नाही.

शेजारणींनी भांडी दिली नसती तर तेल कशात ओतलं असतं? गटातल्या एकीचा हप्ता चुकला की बाकीच्याच तिच्या दारात जाऊन बसतात, हे आपल्याकडे सर्रास होतं. विश्वासणाऱ्या बायांनी निदान त्या बसणाऱ्यांमध्ये असू नये.

नवरा पीत असेल, हात उचलत असेल

इथे मी जपून लिहिते, कारण या बाबतीत शास्त्राच्या नावानं बायकांवर अन्याय झालेला मी पाहिला आहे. 'पत्नींनो, अधीन असा' हे इफिसकरांस ५:२२ सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं वचन एकमेकांच्या अधीन असा असं आहे, आणि २५ वं वचन नवऱ्याला सांगतं की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर. ही तिन्ही एका दमात वाचा. कुणी मधलंच वाचून दाखवलं तर पुस्तक हातात घेऊन उरलेली दोन तुम्ही वाचा.

आता १ शमुवेल २५. नाबाल पैसेवाला, तापट, आणि मेजवानीत पिऊन तर्र. त्याच्या उद्धट बोलण्यामुळे दावीद आणि त्याची माणसं तलवारी घेऊन घरावर चालून येतात. त्याची बायको अबीगईल त्याला न विचारता भाकरी, मेंढरं, मनुका गाढवांवर लादते आणि दावीदाला वाटेत गाठून घर वाचवते. घरी येते तर नवरा प्यालेला. तेव्हा ती काहीच बोलत नाही. सकाळी त्याची उतरल्यावर सांगते. हे ३६ आणि ३७ वं वचन मी व्यसनी घरातल्या प्रत्येक बाईला दाखवते. रात्री वाद घालू नका. प्यालेल्या माणसाला वचन ऐकवू नका. सकाळी, एकट्यात, थोडक्यात बोला. व्यसन सोडवण्यासाठी १४४४६ हा सरकारी फोन आहे. नवरा तयार नसला तरी तुम्ही माहिती विचारू शकता.

मारहाण होत असेल तर आधी जीव. शौल राजानं भाला फेकला तेव्हा दावीद प्रार्थना करत जागेवर बसला नाही. बाजूला झाला आणि त्याच रात्री निसटला. पळणं म्हणजे अविश्वास असता तर स्तोत्रं लिहिणारा तो माणूस सर्वांत अविश्वासू ठरला असता. आधार कार्ड, पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स, थोडे पैसे आणि मुलांचे दाखले एका पिशवीत घालून विश्वासाच्या घरी ठेवा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे राहत्या घरात राहायचा हक्क बाईला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. अंगणवाडीच्या ताईला विचारा, ती सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या, ऑफिसचा रस्ता दाखवते. पाळकांना सांगायचं असेल तर जरूर सांगा, पण ते 'सहन कर बाई' एवढंच म्हणाले तर तिथे थांबू नका.

थकून गेलात तर

एलीया संदेष्टा झुडपाखाली आडवा पडून म्हणतो, पुरे झालं, आता मरण दे. १ राजे १९. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो. मग पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. बोलणं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी होतं. सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं, उभ्या उभ्या जेवणाऱ्या बायांनी हा अध्याय दोनदा वाचावा. आठवडाभर ताट वाढून, बसून जेवा. सारखी चक्कर येते, दम लागतो, तर रक्त तपासा. पंधरा दिवसांहून जास्त झोप उडाली, कशातच मन लागेना किंवा जगणं नको वाटू लागलं, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेच्या, नंबरवर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं. गोळी घेतली म्हणून प्रार्थना खोटी होत नाही.

मूल होत नाही म्हणून ऐकून घ्यावं लागणाऱ्यांसाठी हन्ना आहेच, १ शमुवेल १. ती ओठ हलवत रडत होती, तर याजकालाच वाटलं की ही प्यालेली आहे. ती त्याला शांतपणे दुरुस्त करते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरलेला राहत नाही. मूल पोटात राहण्याच्या आधीची गोष्ट आहे ही. आणि तपासणी दोघांची करा. नवऱ्याची तपासणी सोपी आणि स्वस्त असते, तरी घरोघरी सुनेलाच पाच-पाच वर्षं दवाखाने फिरवतात.

दोघी तरी जमवा

एकटीनं हे फार दिवस चालत नाही. मोठी सभा हवी असंही नाही. दोन किंवा तीन जणी, आठवड्यातून एकदा, अर्धा तास. आम्ही मागाच्या खोलीत बसायचो. माग बंद असला की तिथे शांतता. एक वचन वाचायचं, प्रत्येकीनं आपली एकच फुली आणि एकच गोल सांगायचा, आणि एकीनं दुसरीसाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. बाहेर बोलायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी तोंडानं म्हणून घ्या. 'प्रार्थनेसाठी सांगते हं' असं म्हणून किती चुगल्या गावभर झाल्या, त्याची मोजदाद नाही. उत्तर मिळालं की वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहा. 'नाही' असं उत्तर मिळालं तरी लिहा.

चार दिवस वाचन चुकलं तर मागचं भरून काढत बसू नका. लावणी होती, लेकरू तापलं होतं, पाहुणे होते, देवाला ठाऊक आहे. आजचं वचन काढा. परवा आमच्यातली एक महिन्याभरानं आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मी येतो म्हणत होतो दर आठवड्याला, खरं जमलंच नाही बघा." कुणी काही विचारलं नाही. सरकून जागा केली आणि तिच्या हातात वही दिली.